परवानगीशिवाय वाजवणं : प्रागमधला एक रॉक बँड आणि १९७६चा खटला

आजचा विषय आहे रॉक संगीत आणि राजकीय निषेध. हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते. व्हिएतनामचं युद्ध, वूडस्टॉक, लांब केसांची गिटारवाली मुलं. ते सगळं खरंच आहे, पण आज आपण तिकडे जाणार नाही. आपण जाणार आहोत कम्युनिस्ट राजवटीतल्या चेकोस्लोव्हाकियात. तिथे एक बँड असा होता, की ज्याच्या गाण्यांत राजकारण जवळजवळ नव्हतंच. आणि तरीही त्याच्या खटल्यातून त्या देशातली सगळ्यात महत्त्वाची नागरी चळवळ उभी राहिली. हे कसं घडलं, ते आज समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. निषेधाचं गाणं म्हटलं की आपल्याला डफावर थाप मारणारा शाहीर आठवतो. अमर शेख आठवतात, अण्णाभाऊ साठे आठवतात. त्या गाण्यात शब्द पुढे असतात. अन्याय काय, करणारा कोण, हे शाहीर उघड सांगतो. हीच अपेक्षा घेऊन आपण प्रागला गेलो, तर हाताला काहीच लागणार नाही. तेव्हा शब्दांकडे थोडं कमी बघू आणि वाजवणाऱ्याला वाजवण्यासाठी काय काय करावं लागत होतं, तिकडे जास्त बघू.

१९६८च्या वसंतात चेकोस्लोव्हाकियात दुबचेक यांच्या नेतृत्वाखाली मोकळं वारं वाहू लागलं होतं. वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली होती. २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराच्या फौजा रणगाडे घेऊन देशात शिरल्या आणि तो प्रयोग तिथेच संपला. त्यानंतर काही आठवड्यांतच मिलान ह्लाव्सा या सतरा वर्षांच्या मुलानं मित्रांना घेऊन एक बँड काढला. नाव ठेवलं ‘द प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. नावातलं ‘प्लॅस्टिक पीपल’ हे अमेरिकी संगीतकार फ्रँक झॅपाच्या एका गाण्यावरून घेतलेलं. या मुलांना झॅपा आवडायचा, न्यू यॉर्कचा ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ आवडायचा. रणगाड्यांना उत्तर द्यायचं म्हणून हा बँड निघाला, असं समजण्याचं कारण नाही. त्यांना आवडत्या संगीतासारखं काहीतरी वाजवायचं होतं, एवढंच.

आता तिथली व्यवस्था कशी होती ते पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. पैसे घेऊन जाहीर कार्यक्रम करायचा तर संगीतकाराला सरकारी मान्यता लागायची. त्यासाठी परीक्षक मंडळापुढे वाजवून दाखवायचं. मान्यता मिळाली की सरकारी संस्थेमार्फत कार्यक्रम मिळायचे, वाद्यं मिळायची, तालमीला जागा मिळायची. फौजा आल्यानंतर ‘सामान्यीकरण’ नावाचं धोरण सुरू झालं. नाव मोठं निरुपद्रवी आहे, पण त्याचा अर्थ सगळं पुन्हा मुठीत घेणं असा होता. बँडवाल्यांना निरोप गेले, केस कापा, इंग्रजी नावं बदला, इंग्रजी गाणी कमी करा. बऱ्याच बँडांनी ते केलं. त्यांना नावं ठेवायचं आपल्याला कारण नाही, पोट सगळ्यांना असतं. प्लॅस्टिक पीपलनं ते केलं नाही. १९७०मध्ये त्यांची मान्यता गेली आणि त्याबरोबर सरकारी वाद्यंही परत गेली.

मग काय केलं? जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे सुटे भाग जोडून अ‍ॅम्प्लिफायर बनवले. इव्हान यिरोस नावाचा एक कला-इतिहासकार त्यांच्यात येऊन मिळाला होता. पुढे बँडचा कलादिग्दर्शक, मार्गदर्शक, सगळं तोच. तो कलावंतांच्या अधिकृत संघटनेचा सदस्य होता, त्यामुळे त्याला व्याख्यानासाठी सभागृह मिळू शकायचं. मग यिरोस चित्रकार अँडी वॉरहॉलवर व्याख्यान ठेवायचा. चार स्लाइड दाखवायच्या आणि मग ‘वॉरहॉलशी संबंधित संगीताचं प्रात्यक्षिक’ म्हणून हा बँड तासन् तास वाजवायचा. व्याख्यानाच्या इतिहासात आमच्या धंद्याला एवढी प्रतिष्ठा क्वचितच मिळाली असेल!

पुढे तीही वाट बंद झाली. मग उरली लग्नं. लग्नात वाजवायला परवानगी लागत नाही. खेड्यातली एखादी खानावळ किंवा शेतावरचं कोठार ठरवायचं, निरोप तोंडोतोंडी द्यायचा, आणि लोकांनी आगगाडीनं, पुढे पायी, बर्फातून यायचं. गाणी आता चेक भाषेत आली होती. व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हा सॅक्सोफोनवाला १९७२च्या सुमारास आला, त्याचा चेक भाषेचा आग्रह होता. शब्द बऱ्याचदा एगॉन बोंडी या बंदी असलेल्या कवीचे असायचे. आणि विषय? एक गाणं तर चक्क बद्धकोष्ठावर आहे. सरकार उलथून टाकायची हाक कुठेही नाही.

सरकारला मात्र हे पचत नव्हतं. मार्च १९७४मध्ये चेस्के बुद्येयोवित्से शहराजवळ एक कार्यक्रम ठरला होता. शेकडो मुलं जमली. प्लॅस्टिक पीपलनं वाजवायच्या आधीच पोलीस आले, मुलांना रेल्वे स्टेशनवर नेलं, तिथल्या भुयारी मार्गात लाठ्यांनी मारलं आणि गाड्यांत कोंबून परत पाठवलं. यातून यिरोसच्या मनात एक कल्पना पक्की झाली. सरकारमान्य संस्कृतीशी भांडत बसायचं नाही, तिच्याकडे काही मागायचंही नाही, आपली वेगळी ‘दुसरी संस्कृती’ उभी करायची. त्याच वर्षी या दुसऱ्या संस्कृतीचा पहिला महोत्सव एका खेड्यात झाला. दुसरा फेब्रुवारी १९७६मध्ये, यिरोसच्या स्वतःच्या लग्नाच्या निमित्तानं.

त्यानंतर महिन्याभरात पोलिसांनी धरपकड केली. संगीतकार आणि मित्र मिळून वीसहून जास्त लोक आत गेले. आता तारखा बघा. संयुक्त राष्ट्रांचा नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार चेकोस्लोव्हाकियात लागू झाला २३ मार्च १९७६ला, म्हणजे अटका झाल्या त्याच महिन्यात! सरकारनं स्वतः सही करून मान्य केलेला करार. ही तारीख लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

त्या वर्षाच्या सुरुवातीला नाटककार वात्स्लाव हावेल आणि यिरोस यांची ओळख करून दिली गेली होती. यिरोसनं हावेलना या संगीताच्या टेप ऐकवल्या. हावेलना ते फार भावलं. एका कार्यक्रमाला जायचंही ठरलं होतं, पण त्याआधीच यिरोसला अटक झाली. हावेलनी मग लेखकांना, तत्त्वज्ञांना, पूर्वीच्या राजकारण्यांना भेटून सांगायला सुरुवात केली की या मुलांच्या बाजूनं उभं राहिलं पाहिजे. हे सोपं नव्हतं. अनेक ज्येष्ठांना ही मुलं म्हणजे दारू पिणारी, शिवराळ, आडदांड टोळी वाटत होती. सरकारचा हिशेबही तोच होता. अशा लोकांसाठी कोण रडणार?

हावेलांचा मुद्दा साधा होता. आजवर सरकारनं ज्यांना तुरुंगात टाकलं ते राजकीय विरोधक होते, त्यांना किंमत माहीत होती. ही मुलं कुणाचे विरोधक नाहीत. त्यांना आपल्या पद्धतीनं जगायचं आहे आणि मनासारखं वाजवायचं आहे. यांना शिक्षा झाली आणि कुणी बोललं नाही, तर उद्या कुठल्याही माणसाला, त्याला काही राजकीय मत असो नसो, केवळ स्वतंत्रपणे जगतो म्हणून आत टाकता येईल. हा युक्तिवाद हळूहळू पटला. पुढे नोबेल मिळालेले कवी यारोस्लाव साइफर्ट आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का यांच्यासारखी माणसं जाहीरपणे पाठीशी आली. परदेशातही बातम्या गेल्या आणि अटकेतल्या बऱ्याच जणांना सोडावं लागलं.

तरी खटले झालेच. जुलैमध्ये पिल्झेनला कार्यक्रम भरवणाऱ्या तीन तरुणांवर, सप्टेंबरमध्ये प्रागला चौघांवर. आरोप काय, तर संघटितपणे सार्वजनिक शांतता बिघडवणं. पुरावा काय, तर गाण्यांतले असभ्य शब्द. राजकारणाचं नाव नाही. यिरोसला अठरा महिने, पावेल झायीचेकला बारा, ब्राबेनेत्सला आठ, आणि स्वातोप्लुक कारासेकला आठ. हा कारासेक तर प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होता, बायबलवर गाणी करायचा. साप साप म्हणून भुई थोपटणं ते हेच!

पण त्या न्यायालयाच्या बोळात एक वेगळी गोष्ट घडत होती. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक तिथे एकत्र उभे होते. पक्षातून काढलेले जुने कम्युनिस्ट, कॅथलिक, प्राध्यापक, आणि लांब केसांची मुलं. खटला संपला तरी हे एकत्र येणं संपलं नाही. १ जानेवारी १९७७ ही तारीख घातलेलं एक निवेदन तयार झालं, ‘चार्टर ७७’. पहिल्या सह्या २४२. प्रवक्ते तिघं : हावेल, पातोच्का आणि १९६८चे परराष्ट्रमंत्री यिरी हायेक. निवेदनाची मागणी एवढीच, की सरकारनं स्वतः मान्य केलेला करार पाळावा. तोच, मार्च १९७६चा. पातोच्का तेव्हा ६९ वर्षांचे होते. पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशांनंतर १३ मार्च १९७७ला ते गेले.

आता संगीतकारांच्या राजकीय मतांचा प्रश्न. चार्टरला उत्तर म्हणून सरकारनं कलावंतांना राष्ट्रीय नाट्यगृहात बोलावलं आणि निष्ठेच्या निवेदनावर सह्या घेतल्या. लोक त्याला ‘अँटी-चार्टर’ म्हणतात. काही दिवसांनी, फेब्रुवारीत, लोकप्रिय संगीतातल्या मंडळींची पाळी आली. देशाचा सर्वांत लाडका गायक कारेल गॉट तिथे बोलला. सही करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी चार्टर वाचलेलाच नव्हता. वाचणार कुठे, तो छापायलाच बंदी होती! म्हणजे गंमत बघा. ज्यांना राजकारण नको होतं त्यांच्यावर राजकीय खटला झाला, आणि जे प्रेमाची गाणी गाऊन सुखात होते त्यांच्याकडून राजकीय मत लिहून घेतलं गेलं. अशा राज्यात ‘आम्ही फक्त संगीतवाले’ असं म्हणायची सोय दोघांनाही नव्हती.

इथे एका लाडक्या दंतकथेपासून सावध राहू. रॉकनं साम्यवाद पाडला, असं म्हटलं जातं. १९८९च्या घडामोडींमागे मॉस्कोतला बदल होता, खंगलेली अर्थव्यवस्था होती, रस्त्यावर आलेली लाखो माणसं होती. आणि या बँडचं काय झालं? यिरोस वेगवेगळ्या शिक्षा मिळून आठ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता. ब्राबेनेत्सला छळून छळून १९८२मध्ये कॅनडाला जायला भाग पाडलं. १९८८च्या सुमारास सरकार सैल झालं तेव्हा जाहीरपणे वाजवायची संधी आली, पण पूर्ण नाव न लावता, नुसत्या आद्याक्षरांनी. काहींना ते चाललं, काहींना नाही. त्या वादात बँड फुटला. लाठ्यांनी जे झालं नाही, ते अर्ध्या परवानगीनं झालं. पुढे, २९ डिसेंबर १९८९ला, हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९९७मध्ये चार्टरला वीस वर्षं झाली, तेव्हा हा बँड पुन्हा एकत्र वाजला.

इथे थांबू. एक प्रश्न आलेला आहे, तो घेऊन संपवू.

प्रश्न : मग कलावंताच्या स्वतःच्या राजकीय मतांना काहीच महत्त्व नाही का?

उत्तर : आहे, आणि त्यासाठी १९७६चंच दुसरं उदाहरण आहे. त्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला एरिक क्लॅप्टननं भर मैफलीत स्थलांतरितांविरुद्ध आणि इनॉक पॉवेल या राजकारण्याच्या बाजूनं भाषण ठोकलं. ज्या माणसाचं सगळं वादन कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर उभं, त्याचं हे मत! लोक चिडले, संगीताच्या साप्ताहिकांत पत्र छापून आलं आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ निघाली. ३० एप्रिल १९७८ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिच्या मैफलीला हजारो लोक जमले. क्लॅप्टनला तुरुंगात कुणी घातलं नाही, आणि घालायलाही नको होतं. मताला उत्तर दुसऱ्या मतानं आणि दुसऱ्या संगीतानं मिळालं. प्रागमध्ये नेमकी तीच जागा शिल्लक नव्हती. म्हणून कुठलंही निषेधाचं गाणं ऐकताना त्यात काय म्हटलंय हे जरूर ऐकू या, पण ते वाजवण्यासाठी कुणाकडे काय मागावं लागलं, हेही विचारू या.