वळसंगची विहीर आणि नित्याचा ताण

माळावर लांडगा दिसला की छाती धडधडते. तो गेला की शांत होते. पण ज्याला रोज घोटभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीकडे पाहावे लागते, त्याचा लांडगा दारातून हलतच नाही. हान्स सेलिए या शास्त्रज्ञाने 1936 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, उपद्रव टिकून राहिला तर शरीर आधी सावध होते, मग तग धरते आणि शेवटी खचते. या मधल्या अवस्थेतील माणसाला आपण ‘सोशिक’ म्हणून गौरवितो. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, क्षुल्लक कारणाने संताप येतो. या खुणांकडे मात्र कोणी पाहत नाही.

17 मार्च 1937 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी आपल्या वळसंगात दलित बांधवांनी खोदलेल्या विहिरीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले व तिचे पाणी प्याले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ताणावर त्या माणसांनी शोधलेला हा उपाय होता. दुःखाला त्यांनी दैव म्हटले नाही. त्याचे कारण ओळखले आणि एकमेकांच्या साथीने कुदळ उचलली. आपल्या घरात कोणी मुकाट्याने सोसत असेल, तर त्याला धीराचा उपदेश करण्याआधी त्याची विहीर कोठे अडली आहे, एवढे विचारावे.