संपत्ती कर : अतिश्रीमंतांवरील कराचा वाद, डोंबिवलीच्या संदर्भात

संपत्ती कर : व्यक्तीच्या मालकीच्या एकूण मालमत्तेतून देणी वजा जाता जे उरते त्यावर दरवर्षी आकारला जाणारा कर. वर्षभरात हाती किती आले त्यावर आयकर लागतो, आजवर किती साठले त्यावर संपत्ती कर. भारतात तो १ एप्रिल १९५७ पासून लागू होता. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. वारशाने येणाऱ्या मालमत्तेवरचा मृत्युकर (१९५३–८५) आणि बक्षीस कर (१९५८–९८) हे त्याच कुळातले कर. आज यांतला एकही अस्तित्वात नाही. फार मोठ्या श्रीमंतांपुरता तरी संपत्ती कर पुन्हा आणावा की नाही, हा वाद मात्र २०२४ पासून नव्याने पेटला आहे.

डोंबिवलीसारख्या गावात हा वाद वेगळ्या कानांनी ऐकला जातो. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून आणि कोकण-घाटावरून आलेल्या पगारदारांनी हे शहर वसवले. बँक, रेल्वे, विमा, सरकारी कचेरी, गिरणी, कारखाना असे त्यांचे धंदे. अशा माणसाचा कर पगार हातात पडण्याआधीच कापलेला असतो. फॉर्म १६ मध्ये तो रुपया-रुपयाने दिसतो. त्याची संपत्ती म्हणजे राहता फ्लॅट, बायकोच्या अंगावरचे आणि लॉकरमधले सोने, भविष्यनिर्वाह निधी आणि जमल्यास बदलापूर-टिटवाळ्याकडे घेऊन ठेवलेली एखादी खोली. त्यामुळे ‘संपत्तीवर कर’ हे शब्द कानावर पडले की त्याला अब्जाधीश दिसत नाही, स्वतःचे कपाट दिसते. ही भीती खुळी नाही. ती कशी रुजली हे या कराच्या इतिहासात सापडते.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९५६ मध्ये भारताच्या करपद्धतीवर अहवाल दिला. त्यांची मांडणी एकसंध होती. आयकराचा वरचा दर ४५ टक्क्यांवर आणावा. संपत्ती, खर्च, बक्षिसे आणि भांडवली नफा या चारही ठिकाणी कर लावावा. म्हणजे एका विवरणपत्रात लपवलेला पैसा दुसऱ्यात उघडा पडेल. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी नवे कर उचलले, पण आयकराचे दर ४५ च्या आसपासही आले नाहीत. ज्या दिवसापासून संपत्ती कर लागू झाला तोच दिवस मुंबई राज्यात कुळकायद्याचा ‘कृषक दिन’ होता. १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. ठाणे जिल्ह्याच्या भातखाचरांतल्या कुळांना जमीन आणि देशातल्या धनिकांना कर, असे दोन्ही एकाच तारखेला घडले. साठलेल्या मालकीला हात घालणे हा त्या काळी टोकाचा विचार समजला जात नव्हता, हे त्यावरून ध्यानात येते.

या कहाणीत मराठी माणसे ठळक आहेत. मृत्युकराचा कायदा झाला तेव्हा अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना आयकराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांवर गेला, म्हणजे वरच्या टप्प्यातल्या शंभरातले सव्वादोन रुपये हाती उरत. आणि १९७४ मध्ये तो ७७ टक्क्यांवर उतरवणारेही चव्हाणच. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ च्या आपल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात गरिबांना काम पुरवण्याचा खर्च कोणी सोसावा याचा हिशेबच मांडला होता : सर्वांत वरच्या पाच टक्क्यांनी आपल्या खर्चात १५ टक्के कपात सोसावी, त्यांच्या खालच्या पाच टक्क्यांनी साडेसात. श्रीमंतांकडून घ्या, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. किती आणि कोणाकडून, हे आकड्यात सांगितले. आजच्या वादात नेमके हेच हरवलेले दिसते.

मृत्युकर अर्थमंत्री व्ही. पी. सिंह यांनी १९८५ मध्ये काढला. वरचा दर ८५ टक्के असूनही वर्षाला जेमतेम २० कोटी जमत होते. संपत्ती कराची पडझड अधिक हळू झाली, आणि तीच समजून घेण्याजोगी आहे. करसुधारणांसाठी नेमलेल्या चेलय्या समितीच्या शिफारशीनंतर १९९३ पासून तो फक्त ‘अनुत्पादक’ मालमत्तेवर ठेवण्यात आला. शेअर, रोखे, म्युच्युअल फंड, बँकेतल्या ठेवी यातून सुटल्या. उरले ते दुसरे घर, मोटार, दागिने, शहरी जमीन, नौका, विमान आणि ५० हजारांवरची रोकड. २००९ पासून ३० लाखांवरच्या रकमेवर एक टक्का असा दर होता. समजा, २०१२ साली डोंबिवलीतल्या एका कुटुंबाकडे राहत्या घराखेरीज बदलापूरला २० लाखांचा बंद फ्लॅट, ३० तोळे सोने म्हणजे साधारण ९ लाख, आणि कर्जतला ५ लाखांचा बिगरशेती तुकडा, हे सगळे एकाच्या नावावर होते. बेरीज ३४ लाख, कर ४ हजार रुपये. त्याच वर्षी ज्याच्याकडे स्वतःच्या कंपनीचे ५०० कोटींचे शेअर होते त्याला त्या शेअरांवर शून्य. नगरपालिकेच्या हद्दीतली आणि तिच्याभोवतीची जमीनही ‘शहरी जमीन’ धरली जाई. प्रत्यक्ष नांगराखाली असलेली जमीन वगळण्याची दुरुस्ती व्हायला २०१३ उजाडले. शहर अंगावर आलेल्या गावांतल्या शेतकऱ्याला तोवर हा धोका होताच.

अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २८ फेब्रुवारी २०१५ रोजी कर रद्द करताना सांगितले की, २०१३-१४ मध्ये देशभरातून फक्त १,००८ कोटी रुपये जमले; खटाटोप फार आणि वसुली थोडी. आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. बादलीचे बूड आधी काढून घेतले आणि पाणी टिकत नाही म्हणून बादली फेकून दिली, असे ते झाले. त्याऐवजी वर्षाला एक कोटीपेक्षा जास्त करपात्र उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावण्यात आला. त्यातून ९,००० कोटींची अपेक्षा होती. वसुलीच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाच. पण दोन गोष्टी त्यात निसटल्या. अधिभार उत्पन्नावर लागतो, आणि फार मोठ्या धनिकाची संपत्ती न विकलेल्या शेअरांच्या रूपात वाढत राहते. ते विकेपर्यंत कायद्याच्या नजरेत उत्पन्नच झालेले नसते. दुसरे म्हणजे, केंद्राच्या करांत राज्यांचा वाटा असतो, अधिभारात नसतो. संपत्ती कराच्या रुपयात महाराष्ट्राचा हिस्सा होता. अधिभाराच्या रुपयात नाही. मुंबईसारखे शहर पोटात असलेल्या राज्यात या बदलावर फारशी चर्चाही झाली नाही.

राज्याच्या हातात काय आहे, हे पाहायचे तर डोंबिवलीच्या कुणाही पगारदाराची वेतनचिठ्ठी पुरते. ‘पी.टी.’ या रकान्यात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० : वर्षाचे २,५००. हा व्यवसाय कर. १ एप्रिल १९७५ पासून तो रोजगार हमी योजनेसाठी घेतला जाऊ लागला. वि. स. पागे यांनी पुढे आणलेल्या त्या योजनेत मराठवाडा-सोलापूरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, नाला बांधणाऱ्या मजुरांची मजुरी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गेली. डोंबिवलीकराने याचा अभिमान बाळगायला हवा. पण संविधानाच्या कलम २७६ ने या कराला वर झाकण घातले आहे. आधी ते वर्षाला २५० रुपये होते, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाले, आणि तेव्हापासून तिथेच आहे. महिना दहा हजारांच्या जरासा वर पगार असलेला पुरुष कर्मचारी २,५०० भरतो. वर्षाला दहा कोटी घेणारा संचालकही २,५००च भरतो. पहिल्याच्या उत्पन्नाचे ते सुमारे दोन टक्के, दुसऱ्याच्या ०.००२५ टक्के. (२५ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना २०२३ पासून माफी आहे, ही चांगली गोष्ट.) श्रीमंतांवरच्या कराचा वाद दिल्लीत किंवा पॅरिसमध्ये शोधण्याआधी हा रकाना वाचावा.

घरपट्टीचे बिलही वाचण्यासारखे असते. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या बिलांवर सर्वसाधारण कर, पाणी, मलनिःसारण, शिक्षण कर यांच्या खाली ‘मोठ्या निवासी जागांवरील कर’ अशी एक ओळ असते. १९७९ च्या राज्याच्या कायद्याने १२५ चौरस मीटरपेक्षा मोठ्या निवासी जागांवर तो बसवला. ऐश्वर्याच्या घरावर थोडे जास्त, अशी त्यामागची कल्पना. डोंबिवलीतल्या बहुतेक बिलांत त्या ओळीसमोर शून्य असते, कारण इथले घर १२५ चौरस मीटरच्या जवळपासही जात नाही. संपत्ती कराचा हा एक लहानसा, घरगुती नमुना आजही जिवंत आहे आणि त्याने कुणाचे मंगळसूत्र गेलेले नाही.

मंगळसूत्राचा उल्लेख सहज आलेला नाही. २०२४ च्या लोकसभा प्रचारात राहुल गांधी यांनी देशातल्या संपत्तीच्या सर्वेक्षणाची भाषा केली. २१ एप्रिलला राजस्थानातल्या बांसवाड्याच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचा अर्थ असा लावला की, काँग्रेस स्त्रियांच्या सोन्याचा, मंगळसूत्रांचा हिशेब करून ते वाटून टाकील. तीनच दिवसांत काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले आणि आगीत तेल पडले. काँग्रेसने ते त्यांचे वैयक्तिक मत म्हणून हात झटकले. पक्षाच्या जाहीरनाम्यात वारसा कर नव्हताच. कल्याण मतदारसंघात २० मे रोजी मतदान होईपर्यंत हा विषय महिनाभर धुमसत होता. कुठल्या मर्यादेवर, किती टक्के, कोणत्या मालमत्तेवर, यातला एकही प्रश्न कुठल्याच बाजूने धड विचारला नाही. ज्या शहरात दर घरात थोडेतरी सोने आहे तिथे मग भीतीच जिंकते.

आकडे त्याच वर्षी उपलब्ध होते. नितीनकुमार भारती, लुकास शान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची यांच्या मार्च २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के आणि उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. मे महिन्यात त्यांनी प्रस्ताव मांडला : १० कोटींपेक्षा जास्त निव्वळ संपत्तीवर वर्षाला दोन टक्के, आणि तेवढ्याच मर्यादेवरच्या वारशावर ३३ टक्के. त्यांच्या अंदाजाने यातून राष्ट्रीय उत्पादनाच्या २.७३ टक्के रक्कम मिळेल आणि कर लागेल तो प्रौढांपैकी फक्त ०.०४ टक्के लोकांना, म्हणजे दहा हजारांत चौघांना. ब्राझीलच्या अध्यक्षतेखालील जी-२० साठी अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी जगातल्या सुमारे ३,००० डॉलर-अब्जाधीशांवर किमान दोन टक्क्यांचा कर सुचवला. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने त्या धर्तीचा कर फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर केला, जूनमध्ये सिनेटने तो फेटाळला.

विरोधकांचे आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. कारखान्याची किंमत दरवर्षी कोण ठरवणार? कागदावर श्रीमंत पण हाती रोकड नाही, अशाने कर कशातून भरायचा? भांडवल दुबई-सिंगापूरला गेले तर? मुख्य आर्थिक सल्लागार व्ही. अनंत नागेश्वरन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये पिकेटींसमोरच भांडवल बाहेर जाण्याचा धोका मांडला. मूल्यांकनाची अडचण खरी आहे, मात्र ती बाजारात नोंदलेल्या शेअरांना लागू नाही. त्यांचा भाव रोज जाहीर होतो. किंमत ठरवायला अवघड ते असते जुने घर आणि आजीचे दागिने, आणि आपला रद्द झालेला कर नेमका त्यांवरच होता. कर परत आणायचाच तर मर्यादा दहा कोटींसारखी उंच असावी आणि शेअर त्यात आधी यावेत. राहते घर, सोने आणि कुळाची जमीन बाहेर आहे हे कायद्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

वारशाच्या बाबतीत सध्याची स्थिती अशी. डोंबिवलीत पहिला फ्लॅट घेणारे जोडपे करारनाम्यावर सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क भरते. पन्नास लाखांच्या घराला तीन लाखांच्या पुढे, तेही बहुतेक कर्ज काढून. तेच निवासी घर आई-वडिलांनी मुलाला बक्षीसपत्राने दिले, तर राज्याचे मुद्रांक शुल्क २०१५ पासून २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार निराळा. घर रामनगरमधला वन रूम किचन असो की मलबार हिलवरचा बंगला, शुल्क तेच २०० रुपये.