मे महिन्यातली माथेरानची पायवाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कवितेच्या गावचा माणूस. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो, एवढीच माझी इतिहासातली पात्रता. पण गेल्या उन्हाळ्यात घरातल्या एका साध्या प्रश्नाने मला पुन्हा इतिहासाची पुस्तके उघडायला लावली.

एप्रिलच्या अखेरीस लेकीचा फोन आला. लग्नाला वर्षही झाले नव्हते. ती आणि आमचे जावई दोघेही नोकरी करतात आणि रविवार आला की पाठीला पिशवी लावून कुठला ना कुठला गड चढतात. ती म्हणाली, "अब्बा, मे महिन्यात तीन दिवस सुट्टी जुळून आली आहे. खोलीत बसून राहायचं नाही, चालायचं आहे. कुठे जाऊ?" जावईबापूंच्या मनात हिमाचल होते, पण तीन दिवसांतले दोन प्रवासातच जाणार. मग महाबळेश्वर निघाले. मी म्हणालो, "माथेरानला जा."

ती हसली. "अब्बा, माथेरानला शाळेच्या सहली जातात!"

मी म्हणालो, "सहली गाडीने जातात. तुम्ही खालून पायी जा. माथेरानचा इतिहास पायांनीच सुरू झाला आहे, आणि तोही मे महिन्यात."

ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

१८५० सालचा मे महिना. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम चौक गावी पडला होता. आजच्या रायगड जिल्ह्यातले, जुन्या पुणे रस्त्यावरचे हे गाव. संध्याकाळी साहेब पाय मोकळे करायला निघाला आणि समोरच्या डोंगराच्या एका टप्प्यापर्यंत चढून गेला. वर दाट झाडी दिसली. दुसऱ्या दिवशी वाटाड्या बरोबर घेऊन तो माथ्यावर पोहोचला. खाली अंगाची लाही होत असताना वर सावली होती, पाणी होते, वारा होता. पुढे त्याने तिथे घर बांधले आणि इतर साहेबांची पावले तिकडे वळू लागली. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन यांना ही जागा आवडली. त्यांनीही घरासाठी जागा निवडली, रस्ते आखून घेतले, आणि माथेरान हे थंड हवेचे ठिकाण झाले. (एल्फिन्स्टन कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ते वेगळे, त्यांचे हे पुतणे.)

मॅलेटने माथेरान 'शोधले' असे आपण शाळेपासून वाचतो. पण त्याच्याबरोबर वाटाड्या होता, म्हणजे वाट आधीपासून होतीच. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. हे नाव साहेबाने ठेवलेले नाही. धनगर, ठाकर आणि कातकरी या डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर राहत होते. मॅलेटच्या पुढे चालणाऱ्या त्या माणसाचे नाव मात्र एकाही पॉइंटला मिळाले नाही. तिथे लुइझा आहे, शार्लट आहे, अलेक्झांडर आहे.

साहेब लोक येऊ लागल्यावर प्रश्न आला, वर जायचे कसे? १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि मुंबईहून नेरळ जवळ आले. पण नेरळपासून माथ्यापर्यंत अडीच हजार फुटांची चढण उरत होतीच. धडधाकट माणसे तट्टूवर बसत. बायका, मुले, आजारी माणसे पालखीत किंवा खुर्चीत बसून जात. ती पालखी डोंगराखालच्या माणसांच्या खांद्यावर असे. म्हणजे हवा खाणारे बसून वर जात होते आणि तो डोंगर ज्यांचा होता ते ओझे घेऊन.

यात बदल घडवला एका मुंबईकर घराण्याने. सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा समाजातले मोठे उद्योजक. गरिबीतून वर आलेला माणूस. लष्कराला तंबू आणि चामड्याचे सामान पुरवून त्यांनी संपत्ती मिळवली आणि तिच्यातला मोठा वाटा लोकांसाठी खर्च केला. मुंबईत चर्नी रोडजवळचे सॅनेटोरियम त्यांच्याच नावाचे. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांना माथेरानचे वेड. डोंगरावर रेल्वे न्यायचे त्यांनी मनावर घेतले आणि वडिलांनी पैसा उभा केला. खर्च आला सोळा लाख रुपये. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे वीस किलोमीटर वळणे घेत जाणारी ही गाडी १९०७ च्या मार्च महिन्यात सुरू झाली. वाटेत एकच छोटासा बोगदा आहे. त्याला लोकांनी ठेवलेले नाव 'वन किस टनेल'. नवविवाहितांना त्याचा अर्थ मी सांगायला नको!

मला या गाडीचे महत्त्व वाटते ते वेगळ्या कारणाने. तिकीट काढले की कुणीही तिच्यात बसावे. ज्याला कुणाच्या खांद्यावर बसणे परवडत नव्हते आणि ज्याला ते बरे वाटत नव्हते, असा साधा माणूस तिच्यामुळे माथेरानला जाऊ लागला. पुराने, दरडींनी ही गाडी अनेकदा बंद पाडली. २००५ च्या जुलैमधल्या पावसात मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा तेच घडले आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परत धावू लागली.

आता घरातली गोष्ट सांगतो. १९९७ साली मी आणि माझी पत्नी याच गाडीने माथेरानला गेलो होतो. आमचेही नवे लग्न, खिशात मोजके पैसे आणि दोन दिवस. शार्लट लेकवरून परतताना तिचा पाय मुरगळला. उभे राहता येईना. माथेरानात मोटारी नाहीत, घोड्यावर बसायला ती घाबरे. शेवटी हातरिक्षा केली. एक माणूस पुढून ओढणारा, दोघे मागून रेटणारे. पुढचा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा असेल. मी बाजूने चालत होतो आणि त्याच्याकडे बघायचे टाळत होतो.

एका चढावर तो थांबला. छाती भात्यासारखी हलत होती. हिला राहवेना, ती लंगडत खाली उतरली. तो माणूस कावराबावरा झाला. म्हणाला, "ताई, बसा. तुम्ही चालत गेलात तर मी पैसे कसे घेऊ?"

ती पुन्हा बसली. मुक्कामी पोहोचेपर्यंत आमच्यापैकी कुणी बोलले नाही. त्या रात्री ती म्हणाली, "आपण पुन्हा इथे यायचं नाही." आणि आम्ही गेलो नाही.

मी अनेकदा या प्रसंगावर कविता लिहायला बसलो आणि कागद फाडला. कारण त्या माणसाचे म्हणणे कवितेत बसत नाही. आम्हाला वाटत होते, बसण्यात पाप आहे. त्याला वाटत होते, उतरण्यात त्याची मजुरी बुडते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे माणुसकीला धरून नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. त्याचबरोबर ज्यांची रिक्षा जाते त्यांना ई-रिक्षा मिळावी, त्यासाठी सरकारने योजना करावी, असेही न्यायालयाने सांगितले. ती बातमी मी पत्नीला वाचून दाखवली. पहिले वाक्य ऐकून ती काही बोलली नाही. ई-रिक्षाचे ऐकल्यावर म्हणाली, "हे बरं झालं. त्या चाचांचं कुणीतरी ऐकलं."

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. तेच भाई कोतवाल. शिकून वकील झाले, पण पैसा कमावण्याऐवजी डोंगराखालच्या शेतकऱ्यांत काम करू लागले. सावकाराच्या पाशातून माणूस सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठार काढले. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबई परिसराचा वीजपुरवठा खंडित केला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हवा खायला आलेल्यांच्या गावात हा माणूस वाढला. माथेरानला जाऊन फक्त चिक्की आणि चपला आणणाऱ्यांनी निदान त्यांचे नाव तरी बरोबर आणावे.

लेकीने विचारले होते, महाबळेश्वर का नको? महाबळेश्वरही आपलेच. १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तिथे वसाहत उभारली, म्हणून मालकमपेठ हे तिचे नाव. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा इंग्रजांनी दुसऱ्या गावाच्या बदल्यात घेतली. पुढे तिथे ठेवलेल्या चिनी कैद्यांनी भाजीपाल्याचे मळे फुलवले. तो इतिहासही वाचण्यासारखा आहे. पण तिथे मोटार थेट पॉइंटपर्यंत जाते, आणि मे महिन्यात तिच्यामागे शंभर मोटारी उभ्या असतात. माथेरानात पर्यटकाची मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. ज्याला चालायचे आहे त्याला असे दुसरे गाव जवळपास सापडणार नाही.

मग मी तिला तीन दिवस आखून दिले. पहिल्या दिवशी चौकच्या बाजूने रामबागच्या वाटेने वर चढायचे. उजाडता उजाडता पाय उचलायचा. रोज चालणाऱ्याला अडीच-तीन तास लागतात आणि नऊच्या आत माथा गाठायचा. मे महिन्यातले ऊन शूरपणा ओळखत नाही. माणशी तीन लिटर पाणी, डोक्यावर टोपी, आणि गावातला वाटाड्या बरोबर. त्याला त्याची मजुरी घासाघीस न करता द्यायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय, दुपारी झाडीत विश्रांती, संध्याकाळी पॉर्क्युपाइनवर सूर्यास्त. मधल्या वाटांवर जांभ्याची लाल माती आणि झाडांची सावली. शनिवार-रविवार टाळायचे. तिसऱ्या दिवशी उतरताना आदमजींच्या गाडीत बसायचे.

आणखी एक गोष्ट सांगितली. चढताना इर्शाळगडाचे टोक दिसेल. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी होती, ठाकर समाजाची वस्ती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. मॅलेटच्या काळी ज्यांना या डोंगराच्या वाटा ठाऊक होत्या, त्यांच्यापैकीच हे लोक. तिथे घटकाभर थांबा, एवढेच म्हणालो.

दोघे गेले. तिसऱ्या दिवशी नेरळहून फोन आला. पायाला फोड आले होते आणि आवाजात आनंद होता. म्हणाली, "अब्बा, वाटेत एक मावशी भेटल्या. डोक्यावर करवंदांची पाटी. रोज याच वाटेने वर येतात आणि विकून खाली जातात. आम्हाला तीन तास लागले, त्यांना दीड! त्यांनीच आम्हाला पुढची वाट दाखवली." मग थांबून म्हणाली, "मी त्यांचं नाव विचारून घेतलंय."

फोन पत्नीकडे गेला. मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. फोन ठेवून ती मला म्हणाली, "पावसाळा सरला की आपणही जाऊ. गाडीने वर जाऊ आणि वर चालू. जमेल तेवढं."

मी तिच्या पायाकडे पाहिले. ती म्हणाली, "काठी घेईन."