माशी, म्हातारी आणि थॉमस अक्वायनस

थॉमस अक्वायनस म्हटलं की जाडजूड लॅटिन ग्रंथ आठवतात. त्याची पद्धतही तशीच: आधी प्रश्न, मग विरुद्ध बाजूचे आक्षेप, मग आपलं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार. थोडक्यात, आपल्याकडचा पूर्वपक्ष आणि सिद्धान्त. हे सगळं विद्यापीठातल्या पोरांसाठी. बाजारहाट करणाऱ्या माणसाला त्याचं काय?

तर 1273 साल, इटलीतलं नेपल्स. ईस्टरआधीचा उपवासकाळ. थॉमस तेव्हा 'सुम्मा'चा तिसरा भाग लिहीत होता, आणि त्याच दिवसांत तो साध्या लोकांसमोर उभा राहून बोलला, तेही लॅटिनमध्ये नाही, तिथल्या बोलीत. विषय तर रोजचेच: श्रद्धेची कबुली, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा. पुढे 1319 मध्ये त्याच्या संतपदासाठी चौकशी झाली, तेव्हा ही प्रवचनं ऐकलेली माणसं साक्षीला आली होती.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की त्याने आक्षेप गाळला नाही. जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवणं मूर्खपणा नाही का? हा प्रश्न त्याने स्वतःच काढला. उत्तर काय दिलं? अरे, एका माशीचं स्वरूपसुद्धा कुठल्या तत्त्वज्ञाला पुरतं कळलेलं नाही! आणि स्वतःला ठाऊक आहे तेवढंच मानायचं ठरवलं, तर जगणार कसं? हाच आपला बाप, हे तरी आपण कुणाच्या तरी शब्दावरच मानतो ना? (डीएनए टेस्टवाल्यांनो, थांबा जरा. मुद्दा आहे तो भरवशाचा.) वर आणखी हेही, की ख्रिस्तानंतरच्या एखाद्या म्हातारीला श्रद्धेमुळे जे कळतं, ते आधीच्या तत्त्वज्ञांनाही कळलं नव्हतं.

आता हे पटलंच पाहिजे असं नाही. 'श्रद्धेने कळतं' यालाच तर शंकेखोराचा आक्षेप असतो, आणि तिथे म्हातारीचं उदाहरण पुरत नाही. पण त्याने समोरच्याला शंका घेणारा प्रौढ माणूस मानलं. नंतरच्या कित्येक प्रश्नोत्तरी धर्मपुस्तिकांत प्रश्न राहिला, आक्षेप मात्र गेला. मग उरलं पाठांतर.

बोलीतले ते मूळ शब्द आज आपल्याकडे नाहीत. ऐकणाऱ्यांनी टिपून ठेवलं ते लॅटिनमध्ये. त्याच वर्षी 6 डिसेंबरला थॉमसने लिहिणं थांबवलं आणि 'सुम्मा' अर्धवट राहिली. 7 मार्च 1274 ला तो गेला.