इसवी सनातला ‘इसवी’ कोण?

फळ्यावर आपण रोज तारीख लिहितो. इतिहासाच्या तासाला तर पाच मिनिटांत पाच वेळा ‘इ.स.’ लिहून होते. खांदेश्वरच्या आमच्या नववीच्या वर्गात एकदा आम्ही सहज विचारले, ‘इ.स. म्हणजे काय?’ ‘इसवी सन!’ वर्ग एका सुरात ओरडला. ‘आणि इसवी म्हणजे?’ आता शांतता. मागच्या बाकावरून एक अंदाज आला, ‘इंग्रजांचा?’ येशूचे अरबी नाव ईसा, त्यावरून ईसवी आणि इसवी, हे सांगितल्यावर मुलांना आधी आश्चर्य वाटले. मग एकाने विचारले, ‘म्हणजे येशूचा जन्म इसवी सन एकमध्ये झाला ना?’

आम्हाला हवा होता तो प्रश्न आयताच मिळाला. कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. येशूचा जन्म बहुधा इसवी सनापूर्वी काही वर्षे झाला!

हा गोंधळ असा झाला. येशू हयात असताना कोणीही त्याच्या जन्मापासून वर्षे मोजत नव्हते. ती मोजणी रोममधल्या डायोनिसिअस या मठवासीने इ.स. ५२५ मध्ये केली, तीही ईस्टरच्या तारखांचे कोष्टक तयार करताना. म्हणजे घटनेनंतर पाचशे वर्षांनी. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात झाल्याचे म्हटले आहे. जोसेफस या यहुदी इतिहासकाराने हेरोदाच्या मृत्यूपूर्वी थोडे दिवस चंद्रग्रहण झाल्याची नोंद केली आहे. ग्रहणांचे गणित मागे नेता येते, आणि इ.स.पू. ४ च्या मार्चमधले ग्रहण या नोंदीशी जुळते. (काही अभ्यासक दुसरे ग्रहण धरतात, पण त्यांची संख्या कमी आहे.) हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला असेल, तर येशूचा जन्म त्याआधीचा. गंमत म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात जन्माचा संबंध क्विरिनिअसच्या काळातील शिरगणतीशी जोडला आहे, आणि ती शिरगणती इ.स. ६ मधली. दोन ग्रंथ, दोन तारखा, मध्ये निदान नऊ वर्षांचे अंतर. जाता जाता गणिताच्या शिक्षकांसाठी एक प्रश्न: इ.स.पू. ४ च्या जूनमध्ये जन्मलेले मूल इ.स. ४ च्या जूनमध्ये किती वर्षांचे होईल? आठ म्हणणारी मुले बहुसंख्य असतात. उत्तर सात आहे, कारण या मोजणीत शून्य वर्षच नाही.

इथपर्यंत तास रंगला होता. उत्साहाच्या भरात आम्ही पुढे गेलो. २५ डिसेंबर या दिवशी येशूचा जन्म झाला असे बायबलमध्ये कुठेही लिहिलेले नाही. त्या तारखेला जन्मोत्सव साजरा झाल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ.स. ३३६ ची आहे, असे आम्ही सांगितले. माहिती खरीच होती. पण काही मुले हसली आणि त्यांनी वर्गातल्या एका ख्रिस्ती मुलीकडे वळून पाहिले. मधल्या सुट्टीत ती आमच्याकडे आली. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. तिने एवढेच विचारले, ‘बाई, हे असे प्रश्न सगळ्यांच्याच धर्मांना विचारणार, की फक्त आमच्या?’

या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस झोप येऊ दिली नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत ख्रिस्ती धर्माच्या उगमाला परिच्छेदभर जागा मिळते. ती शिकवताना शिक्षक बहुधा दोनपैकी एक वाट धरतात. एक, भाविकांची कथा जशीच्या तशी सांगून मोकळे होणे. दुसरी, ‘याला पुरावा काय?’ म्हणून उडवून लावणे. आम्ही नकळत दुसऱ्या वाटेला लागलो होतो. चूक पुरावा मागण्यात नव्हती, तो फक्त एकाच घराकडे मागण्यात होती.

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही पाठाची सुरुवातच बदलली. येशूऐवजी एकनाथांपासून सुरुवात केली.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ.स. १२९० ची. एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. मधल्या तीनशे वर्षांत हाताने नकला करताना पाठ बदलले होते, ओव्या घुसल्या होत्या. एकनाथांनी ते तपासले. ‘एकनाथांची भक्ती कमी होती म्हणून त्यांनी तपासले का?’ असे विचारल्यावर मुले लगेच नाही म्हणतात. जुन्या ग्रंथाची चिकित्सा म्हणजे ग्रंथाचा अपमान नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पाठभेद, प्रक्षिप्त, शुद्ध प्रत हे शब्द मराठीच्या तासाला आधीच ओळखीचे झालेले असले तर फारच चांगले.

त्यानंतर एक गृहपाठ दिला. २६ जुलै २००५ च्या पावसात काय झाले ते घरातल्या किंवा शेजारच्या तीन मोठ्या माणसांना वेगवेगळे गाठून विचारायचे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. वह्या आल्या. कोणी म्हणे पाणी गुडघ्यापर्यंत, कोणी म्हणे छातीपर्यंत. एका मुलाच्या काकांच्या आठवणीत तो गुरुवार होता. प्रत्यक्षात मंगळवार होता. कोणी किती वाजता घरी पोचले यावर एकाच घरात दोन मते होती. पण प्रचंड पाऊस झाला यावर कोणाचेच दुमत नव्हते. मग आम्ही एक बाहेरचा पुरावा पुढे ठेवला: सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तपशिलात न जुळणाऱ्या साक्षी मुळातली घटना मात्र खरी सांगत असतात, हे मुलांनी स्वतःच्या वहीतून पाहिले. अर्थात सगळ्याच गोष्टींना पर्जन्यमापक मिळत नाही.

आता येशूकडे वळायला वर्ग तयार होता. सर्वांत जुने लिखाण कोणते? शुभवर्तमाने नव्हेत, पौलाची पत्रे. ती साधारण इ.स. ५० ते ६० या दशकातली. पौलाने येशूला जिवंतपणी पाहिले नव्हते, पण येशूचा भाऊ याकोब आणि शिष्य पेत्र यांना आपण भेटलो असे तो लिहितो. मार्कचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या सुमाराचे, मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरचे. येशू बोलत असे अरामी भाषेत, ही पुस्तके मात्र ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे चाळीस ते सत्तर वर्षांचे अंतर आणि शिवाय भाषांतर! आमच्या मुलांच्या वह्यांतील अंतर वीसच वर्षांचे होते. तेव्हा पहिल्या तीन ग्रंथांत येशूचे शेवटचे भोजन वल्हांडणाचे आहे आणि योहानात वल्हांडण दुसऱ्या दिवशी आहे, याचे मुलांना आता फारसे नवल वाटले नाही.

बाहेरचे साक्षीदारही आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस सुमारे इ.स. ११६ मध्ये लिहितो, की ख्रिस्त नावाच्या माणसाला तिबेरियसच्या राजवटीत पंतय पिलाताने मृत्युदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोक मुळीच आवडत नसत, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे. जोसेफसच्या ग्रंथातही येशूचा उल्लेख आहे, पण तेथील एक उतारा पुढच्या ख्रिस्ती नकलकारांनी वाढवलेला दिसतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘म्हणजे प्रक्षिप्त!’ असे वर्गातून आपणहून आले तेव्हा आम्हाला एकनाथांचे आभार मानावेसे वाटले. पिलाताची गोष्ट तर अधिक रंजक आहे. १९६१ मध्ये इस्राएलमधील कैसरिया येथे उत्खनन करताना इटालियन पुरातत्त्वज्ञांना एक दगड सापडला. त्यावर पिलाताचे आणि तिबेरियसचे नाव कोरलेले आहे. नंतरच्या काळात कोणीतरी तो दगड चक्क नाट्यगृहाच्या जिन्याला वापरला होता!

येशू नावाचा यहुदी उपदेशक होऊन गेला, योहानाकडून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पिलाताच्या कारकिर्दीत (इ.स. २६ ते ३६) त्याला वधस्तंभावर मारले, एवढे इतिहासकार साधारणपणे एकमताने सांगतात. तो पुन्हा उठला का? अनुयायांचा तसा दृढ विश्वास होता आणि त्या विश्वासातून चळवळ उभी राहिली, इतकेच इतिहासाला सांगता येते. त्यापलीकडचे उत्तर वर्गाने द्यायचे नसते, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

‘यहुदी उपदेशक’ या दोन शब्दांपाशी मुले नेहमी अडखळतात. येशू ख्रिस्ती नव्हता का? नव्हता. तो यहुदी म्हणून जन्मला, त्यांच्या प्रार्थनालयांत बोलला आणि वल्हांडणाच्या सणासाठी गेला असताना पकडला गेला. त्याचे पहिले अनुयायीही यहुदीच होते. इतर लोकांना या पंथात घेताना त्यांची सुंता करायची की नाही, यावर इ.स. ५० च्या आसपास यरुशलेममध्ये मोठा वाद झाला. करू नये असे ठरले, आणि पंथाचे दार जगाला उघडले. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. त्यानंतर दोन्ही वाटा हळूहळू वेगळ्या झाल्या.

हे सारे दूरचे वाटू नये म्हणून आम्हाला फार लांब जावे लागत नाही. खांदेश्वरहून हार्बर लाइनचे पुढचे आणि शेवटचे स्टेशन पनवेल. तिथे बेने इस्राएल समाजाचे बेथ एल हे सिनेगॉग आहे, १८४९ सालचे. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे पेणकर, रोहेकर, नवगावकर, बोली मराठी. येशूने पाळला तोच शनिवार आपल्या शेजारच्या गावात मराठी बोलणारी माणसे पाळत आली आहेत, हे ऐकून मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. आणि हार्बर लाइनच्या दुसऱ्या टोकाला मस्जिद हे जे स्टेशन आहे, त्याचे नाव तिथल्या १७९६ सालच्या सिनेगॉगवरून पडले असे मानले जाते. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत.

नकाशावर आणखी एक गोष्ट दाखवता येते. पहिल्या शतकाच्या मध्यावर ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या नाविकांच्या मार्गदर्शिकेत आपले कल्याण आणि सोपारा या बंदरांची नावे आहेत. म्हणजे पौल पत्रे लिहीत होता त्याच सुमारास, त्याच भाषेत कोणी तरी आपल्या खाड्यांची टिपणे काढत होता. संत थॉमस इ.स. ५२ मध्ये केरळात उतरले ही तिथल्या ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे. ती लेखी पुराव्याने सिद्ध होत नाही, पण असा प्रवास अशक्य नव्हता, कारण मोसमी वाऱ्यांवर जहाजे येतच होती. सिद्ध आणि शक्य यांतला फरक मुलांना इथे नीट दाखवता येतो. थॉमसच्या जुन्या कथेत गोंडोफरस नावाचा राजा येतो. तो काल्पनिक वाटत असे, पण एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी ओळखली गेली. राजा खरा ठरला. म्हणून कथा खरी ठरली का? यावर आमच्या वर्गात अर्धा तास वाद चालला होता.

महाराष्ट्रातला पक्का उल्लेख बराच नंतरचा. सुमारे इ.स. ५५० मध्ये कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने कल्लियाना येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. बहुतेक अभ्यासक हे कल्याणच मानतात. पुढे १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. मागाहून आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने तिथे नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याची नोंद केली. ‘ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला’ हे विधान ज्या मुलांनी घरून आणलेले असते, त्यांना या दोन नोंदी पुरतात. पोर्तुगीज वसईला आले तेसुद्धा सोळाव्या शतकात.

राहिला प्रश्न वाढीचा. मूठभर लोकांचा पंथ तीनशे वर्षांत साम्राज्यभर कसा पसरला? रॉडनी स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये एक साधे गणित मांडले. इ.स. ४० मध्ये १,००० अनुयायी धरा आणि दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ धरा. इ.स. ३०० पर्यंत २६ दशके होतात. १.४ चा २६ वा घात काढून हजाराने गुणले, की सुमारे ६३ लाख येतात. एवढीच संख्या इतिहासकारांच्या इतर अंदाजांच्या जवळ जाते. वर्षाला साडेतीन टक्क्यांहूनही कमी वाढ! सुरुवातीचे हजार हा अंदाज आहे, तो बदलून पाहायला मुलांना सांगावे. सुरुवातीला शंभर धरले तर काय, वाढ तीस टक्के धरली तर काय. कॉन्स्टंटाइनने ३१३ मध्ये या धर्माला मोकळीक दिली आणि ३८० मध्ये तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. पण कोष्टक भरताना मुलांच्या लक्षात येते, की लाखांची संख्या त्याच्या आधीच गाठलेली होती.

तो सगळा पाठ झाल्यावर आम्ही वर्गाला एक काम दिले: आपल्या घरातल्या कोणत्याही एका सणाची तारीख घ्या आणि ती कोणी, कधी, कशावरून ठरवली ते शोधा. पहिली वही आली ती एका ख्रिस्ती मुलाची. त्याने ईस्टर निवडला होता आणि वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेचे गणित मांडून दाखवले होते. दुसरी वही गुढीपाडव्याची होती. तिच्यात शेवटी पेन्सिलने लिहिले होते, ‘शालिवाहनाबद्दल आजोबा सांगतात ते आणि पुस्तकात आहे ते जुळत नाही. दोन्ही लिहिले आहे.’