छत्तीस हजार रुपये आणि तेहतीस वर्षं

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, आणि ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांना वाचून दाखवा.

आपल्या जिल्ह्यात दवाखान्यात, विजेच्या तारेनं किंवा उसाच्या ट्रॅक्टरखाली माणूस गेला की पुढं काय होतं ते आता पाठ झालंय. नातेवाईक प्रेत ताब्यात घ्यायला नकार देतात. ठाण्यासमोर ठिय्या होतो. दुपारपर्यंत दोन-चार पुढारी येतात, कोणीतरी तोंडी शब्द देतं, संध्याकाळी अंत्यविधी उरकतो. मीही वीसेक वर्षं अशा बातम्या लिहिल्या. "नातेवाईकांचा संताप", "कारवाईची मागणी". तेराव्यानंतर मात्र त्या घरातलं कोणीतरी फोन करतं आणि हळू आवाजात विचारतं, "साहेब, आता काही करता येतं का?"

करता येतं. पण ते "येतं" होण्याआधी कोणीतरी किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, हे सांगायला मला 1963 च्या औरंगाबादला जावं लागेल.

त्या वर्षी 10 जुलैला एक बाई बाळंतपणासाठी औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात दाखल झाल्या. आज आपण ज्याला नुसतं "घाटी" म्हणतो, त्याच वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेला हा दवाखाना. बीडच्या सिव्हिलमधून "घाटीला न्या" म्हणून चिठ्ठी मिळते, ती घाटी. बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं हे आधीच ठरलेलं. 13 जुलैला ते झालं. ऑपरेशन साधं, बाईनं दोन-चार दिवसांत उठून बसावं इतकं साधं. पण तिला सणकून ताप भरला, पोटात असह्य दुखायला लागलं. नवऱ्यानं 15 तारखेला दवाखान्यातल्याच, पण दुसऱ्या विभागातल्या एका नावाजलेल्या सर्जनला गाठलं. टाके पुन्हा उघडून बघावं असं त्या सर्जनचं मत पडलं. उघडायला 19 तारीख उजाडली. आत काय निघालं? टॉवेल. ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायला वापरतात तो कापडाचा तुकडा पोटातच राहिला होता आणि भोवती पू झाला होता. 24 जुलैला बाई गेल्या. मागं नवरा आणि लेकरं.

नवऱ्यानं दावा लावला. कायद्याच्या पुस्तकांत तो "अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य" या नावानं आहे. खालच्या कोर्टानं 36 हजार रुपये मंजूर केले. सरकार अपिलात गेलं आणि हायकोर्टात निकाल उलटा फिरला. दवाखाना चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम, त्यात नोकराची चूक झाली तरी सरकार पैसे देणं लागत नाही, असं तिथं ठरलं. शिवाय टॉवेल राहिला हे खरं, पण मृत्यू त्यानंच झाला हे नीट शाबीत नाही, असंही.

हे "सार्वभौम काम" कुठून आलं ते ऐकण्यासारखं आहे. 1947 मध्ये मेरठ पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त करून ठाण्यात ठेवलं. ठाण्यातलाच हेड कॉन्स्टेबल ते सोनं घेऊन पाकिस्तानात पसार झाला. सराफाच्या पेढीनं सरकारकडं भरपाई मागितली, तर सुप्रीम कोर्टानं 1964 मध्ये सांगितलं की जप्ती हे राजसत्तेचं काम, त्यात भरपाई मिळणार नाही. कस्तुरीलाल खटला तो हाच. पळालेल्या हवालदाराचा न्याय घाटीतल्या बाळंतिणीला लागू झाला.

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 20 फेब्रुवारी 1996 ला. कोर्टानं म्हटलं की दवाखाना चालवणं हे लोककल्याणाचं काम आहे, खासगी माणूसही ते करू शकतो, त्याला राजसत्तेचं कवच नाही. पोटात टॉवेल राहणं ही गोष्ट स्वतःच बोलते, निष्काळजीपणाचा वेगळा पुरावा मागायचा नसतो. आणि दुसरं ऑपरेशन करावं लागलं तेच मुळी पहिल्यात टॉवेल राहिला म्हणून. नोकराच्या चुकीला मालक, म्हणजे सरकार, जबाबदार. 36 हजारांचा हुकूम कायम झाला. बाईला जाऊन तोवर साडेबत्तीस वर्षं उलटली होती. ज्या लेकरांसाठी दावा लावला ती चाळिशीकडं आलेली असणार.

मला हा निकाल वाचताना रकमेचा राग येतो. तरी आज सरकारी दवाखान्यातल्या हलगर्जीपणावर मराठवाड्यातला वकील दावा लिहायला बसला की याच निकालाचा आधार घेतो, हेही खरं.

आता थोडं मागं जाऊ. माणूस मेल्यावर त्याच्या घरच्यांनी भरपाई मागायची, ही कल्पना मुळात इंग्रजी कायद्यातही नव्हती. जखमी झालात तर दावा लावा, पण मेलात तर दावा तुमच्याबरोबर मेला, असा तिथला जुना न्याय. जखमी करण्यापेक्षा ठार मारणं स्वस्त पडायचं. रेल्वे आली, अपघात वाढले, मग 1846 मध्ये तिकडं कायदा बदलला. इकडं 1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि 1855 ला प्राणघातक अपघात कायदा आला. (बीड शहरात रेल्वे यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडला, तो भाग वेगळा. परळीकरांनी हसू नये.) आपण तेव्हा निजामाच्या मुलखात. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपल्याकडं आले ते हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावरच.

हा 1855 चा कायदा दोन-चार कलमांचा आहे आणि अजून जिवंत आहे. नवरा, बायको, आई-वडील आणि मुलं यांच्यासाठी दावा लावता येतो. आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात धरतात. भाऊ-बहीण नाहीत. मुदत मृत्यूच्या तारखेपासून 2 वर्षं.

त्याच कायद्याखालचा महाराष्ट्रातला गाजलेला खटला कोकणातला. मे 1953, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका पोराचं मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरनं लाकडी फळ्या बांधल्या. मग मोटारीनं दोनशे मैल पुण्याला नेलं. तिथं डॉक्टरनं पुरेशी भूल न देता, माणसं लावून पाय ओढून हाड बसवलं. त्याच रात्री पोरगं गेलं. डॉक्टरांनी दाखल्यावर कारण वेगळंच लिहिलं. पण मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, त्यांना ते पटलं नाही. 1968 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले. रक्कम 3 हजार रुपये. पण डॉक्टरनं रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार ठरवताना आणि उपचार करताना, तिन्ही वेळा काळजी घेतलीच पाहिजे, हे तिथं पक्कं झालं. बाप डॉक्टर नसता तर दाखल्यावरचं कारण कोणी तपासलं असतं, हा प्रश्न मला सारखा पडतो. आपल्याकडं किती जण तो दाखला वाचून घेतात?

विजेच्या बाबतीत कायदा लोकांच्या बाजूनं बराच पुढं आलाय आणि आपल्याकडं हे फार थोड्यांना माहीत आहे. मध्य प्रदेशात 1997 मध्ये कारखान्यातून रात्री सायकलवर घरी निघालेला एक कामगार पावसात पडलेल्या जिवंत तारेला चिकटून गेला. वीज मंडळ म्हणालं, कोणीतरी चोरून वीज घ्यायला तार टाकली होती, आमचा काय दोष? सुप्रीम कोर्टानं 2002 मध्ये सांगितलं की इतकी धोकादायक वस्तू जो बाळगतो, त्याची चूक असो वा नसो, भरपाई त्यालाच द्यावी लागेल. 4 लाख 34 हजार कायम झाले. म्हणून शेतात तार तुटून कोणी गेलं तर "चूक कोणाची" या वादात गुंतू नका. पंचनामा करून घ्या आणि विद्युत निरीक्षकांच्या अहवालाची प्रत मागा.

गाडीच्या अपघाताचं तसं सगळ्यांना माहीत असतं. न्यायाधिकरणाची सोय 1956 च्या दुरुस्तीपासून आहे. फक्त एक बदल ध्यानात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून अर्जाला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत घातलीय. तिला कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तरी मृत्यूला 2 लाखांची तरतूद आहे. तहसीलमधून तो अर्ज चालतो, आणि नुसत्या अज्ञानापायी कित्येक जण तो करतच नाहीत.

खरी गुंतागुंत आहे ती आपल्या ऊसतोड कामगारांची. ट्रॉली उलटली, तर विमा कंपनी म्हणते ट्रॉली मालासाठी होती, माणसांसाठी नव्हती. कामावर असताना गेला, तर कारखाना म्हणतो हा मुकादमाचा माणूस, आणि मुकादम म्हणतो मी कारखान्याचा हस्तक. 1923 पासूनचा कामगार भरपाईचा कायदा (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय) ठेकेदाराच्या माणसालाही मुख्य मालकाकडं मागायचा हक्क देतो, आणि तिथं निष्काळजीपणा शाबीत करावा लागत नाही. अडतं कुठं, तर कागदावर. उचल दिल्याची चिठ्ठी मुकादमाच्या खिशात.

त्यात बाई गेली तर आणखी वांधा. आपल्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेब जोडीचा, उचल नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात नवऱ्याइतकीच मोळी बांधते आणि भरपाईच्या अर्जात तिचा व्यवसाय लिहिला जातो "घरकाम". वकिलांनो, रागावू नका, पण मी असे अर्ज पाहिलेत. भरपाई निघते कमाईवरून. वर्षाची कमाई, त्यातून तिचा स्वतःचा खर्च वजा, आणि वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणाकार. कमाईच चुकीची लिहिली की पुढचं सगळं कमी येणार. नुसतं घरकाम धरलं तरी त्याला किंमत आहे हे सुप्रीम कोर्टानं 2001 मध्येच सांगितलंय. 1989 ला जमशेदपूरच्या आगीत गेलेल्या बायकांच्या घरकामाची किंमत तिथं महिन्याला 3 हजार धरली होती. तेव्हा अर्जात दोन्ही लिहा, घर पण आणि कोयता पण.

खासगी दवाखान्याचं सांगतो. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची, मुदत 2 वर्षं. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तो दवाखाना यात येत नाही. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलंच झालं, पण त्यामुळं सिव्हिलविरुद्ध ग्राहक आयोगाचं दार जवळपास बंद झालं असं मला दिसतं. तिथं घाटीच्या निकालाची वाट धरून दिवाणी कोर्टात जावं लागेल.

"गुन्हा दाखल करा" हा आपला पहिला आग्रह असतो. परळीचं प्रकरण सगळ्यांना आठवतं. मे 2012 मध्ये डॉ. सुदाम मुंडेच्या दवाखान्यात बेकायदा गर्भपातात बाई गेली. फेब्रुवारी 2019 मध्ये बीडच्या कोर्टानं डॉक्टर पती-पत्नीला 10 वर्षांची शिक्षा दिली, आणि मेलेल्या बाईच्या नवऱ्यालाही. पण तो मामला बेकायदा धंद्याचा होता, नुसत्या चुकीचा नव्हता. साध्या हलगर्जीपणात डॉक्टरला लगेच अटक होत नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानं आधी दुसऱ्या सरकारी डॉक्टरचं मत घ्यायला सांगितलंय, म्हणून पोलीस कागद जिल्हा शल्य चिकित्सकांकडं पाठवतात. नव्या न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणानं मृत्यूला 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, डॉक्टरांना उपचारादरम्यानच्या मृत्यूसाठी 2 वर्षांपर्यंत. फौजदारी खटल्यात डॉक्टर सुटला तरी भरपाईचा दावा मरत नाही, दोन्हीकडं पुराव्याची पट्टी वेगळी असते. उलट गुन्ह्याच्या निकालाची वाट बघत बसलात तर इकडं 2 वर्षं निघून जातात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही.

आणि पीएम. "तिची चिरफाड नको" म्हणून घरचे नकार देतात. दुःख कळतं. पण पीएम झालं नाही तर मृत्यू कशानं झाला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. 1963 मध्ये ते टाके उघडले नसते तर टॉवेल कोणाला दिसला असता? केस पेपर लेखी अर्ज करून मागा, 72 तासांत द्यावेत असा डॉक्टरांचाच नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पाणी घालून मिटवायला आलेल्यांसमोर कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. तडजोड करायची तर रक्कम आणि तारीख लिहून, वकिलाला दाखवून करा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबलेल्यांसाठी, बीडच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. बाई असेल, किंवा अनुसूचित जाती-जमातीचं कोणी असेल, तर उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. साधा अर्ज लागतो. जाताना मृत्यूचा दाखला, पीएम रिपोर्ट, एफआयआर नाहीतर आकस्मिक मृत्यूच्या नोंदीची प्रत, दवाखान्याची बिलं आणि आधार कार्ड सोबत न्या. जे हाताशी नसेल त्यासाठी थांबू नका, ते नंतर जोडता येतं.