जंगलातली मशीद आणि २०६ कबरी

मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याकडे बर्लिनला गेलो होतो. तो म्हणाला, "मामू, बिबवेवाडीहून एवढ्या लांब आलात, आता राजवाडे बघू." मी म्हणालो, "राजवाडे राहू दे. मला वुन्सडॉर्फला ने."

बर्लिनच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर हे गाव आहे. स्टेशनच्या पाटीवर गावाच्या नावाला 'वाल्डश्टाट' जोडलेले दिसते. त्याचा अर्थ जंगलातले शहर. बाहेर पडलो की खरोखरच चहूकडे पाइनची उंच झाडे. चालता चालता एका रस्त्याचे नाव वाचले: 'मोशेश्ट्रासे', म्हणजे मशीद रस्ता. मशीद मात्र कुठेच नाही.

ती होती. जर्मनीत नमाजसाठी बांधलेली पहिली मशीद जुलै १९१५ मध्ये इथेच उभी राहिली. लाकडी इमारत, वर घुमट, शेजारी सुमारे २३ मीटरचा मिनार. बांधली जर्मन सरकारने, आणि नमाजी होते युद्धकैदी. त्या छावणीचे नावच 'चंद्रकोर छावणी' होते.

एवढी मेहेरबानी कशासाठी? नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्की खलिफाने इंग्लंड, फ्रान्स आणि रशियाविरुद्ध जिहाद पुकारला. जर्मनी तुर्कस्तानच्या बाजूने लढत होता. माक्स फॉन ओपेनहाइम या पूर्वेच्या जाणकाराने योजना मांडली की, शत्रूच्या फौजेतले मुसलमान कैदी आपल्याकडे वळवावेत. म्हणून मशीद, रमजानची सोय, सणाचा थाट. हिंदी कैद्यांसाठी 'हिंदोस्तान' नावाचे वर्तमानपत्र उर्दू आणि हिंदीतून निघे. या छावणीत हिंदू आणि शीखही होते. सैनिकांबरोबर जर्मन बंदरांत अडकलेले हिंदी खलाशीही कैदेत पडले होते.

योजना फारशी फळली नाही. हिंदी कैद्यांपैकी फार थोडे तिकडे वळले. मला यात आश्चर्य वाटत नाही. मशीद बांधून दिली ती इबादतीच्या आदराने नव्हे, माणूस हाताशी यावा म्हणून. आणि दुसऱ्या बाजूचे इंग्रज तरी काय वेगळे? त्यांनी हीच माणसे १९१४ च्या थंडीत फ्रान्सच्या खंदकांत उतरवली. लढाई दोन साम्राज्यांची. "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" हा प्रश्न मात्र कैद्याला.

हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. म्हणूनच त्या कैद्यांचे उत्तर ऐकावेसे वाटते, आणि ते खरोखर ऐकता येते. जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले. ते आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात जपलेले आहेत. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई कर्ण्यासमोर बोलला. स्वतःचीच गोष्ट, पण दुसऱ्या कुणाची सांगावी तशी. हिंदुस्थानात लोणी खाणारा एक माणूस होता, युद्धात सापडला, त्याला परत जायचे आहे. त्यात कैसर नाही, बादशहा नाही. फक्त घर.

अनेकांना ते घर दिसले नाही. थंडी आणि क्षयाने माणसे गेली. त्यांचे कबरस्तान जवळच्या त्सेरेन्सडॉर्फला आहे. हे गाव जर्मन लष्कराने सरावाच्या मैदानासाठी युद्धाआधीच उठवले होते. १९४५ नंतर हा सारा परिसर सोव्हिएत फौजेकडे गेला, १९९४ पर्यंत. कबरस्तानाची दुर्दशा झाली. २००५ मध्ये ते पुन्हा नीट उभे राहिले. आज तिथे २०६ हिंदी माणसांची नोंद आहे. मशीद तर डागडुजीअभावी विसाच्या दशकातच पाडली गेली.

झाडांमधल्या त्या दगडांच्या ओळींपुढे मला साताऱ्याजवळचे अपशिंगे आठवले. त्याच महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. गावाने त्यांचे स्मारक जपले आहे, मुले ती गोष्ट ऐकत मोठी होतात. इथे मात्र गावच उरलेले नाही. आठवण सांगायची कुणी कुणाला?

मी फातिहासाठी हात उचलले. भाचा हळूच म्हणाला, "मामू, इथे सगळेच मुसलमान नाहीत."

"माहीत आहे," मी म्हणालो. "एकाच छावणीत खोकत गेले सगळे. दुआ करताना निवडत बसू का?"

त्यानेही हात उचलले.

शाळा उघडली की इतिहासाच्या तासाला पहिल्या महायुद्धाचा धडा येईल. यंदा मी नकाशावर मुलांना वुन्सडॉर्फ दाखवणार आहे.